नव्या बॅरलमध्ये शिसं धरतंय? ब्रश उचलण्याआधी एवढं बघा

पावसाळा सुरू झाला की रेंजवर एक तक्रार हमखास कानावर येते. कुणी नवी पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफल आणलेली असते, नाहीतर जुन्या रायफलला नवी बॅरल बसवून घेतलेली असते. पहिले काही दिवस ग्रुप, म्हणजे टारगेटवर गोळ्या किती जवळजवळ पडल्या ते, बघून खूश. मग पन्नास-साठ गोळ्या झाल्या की एखादी गोळी उगाचच आठाच्या रिंगेत. बॅरल साफ केली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या कुठेही जातात, थोडा वेळ सगळं बरं चालतं, आणि पुन्हा तेच. निदान तयार असतं: "सर, लेड बसतंय," म्हणजे गोळीचं शिसं बॅरलमध्ये आतून चिकटतंय. उपायही तयार असतो: अजून घासा.

घासून हा प्रश्न सुटत नाही, बऱ्याचदा घासण्यातूनच तो सुरू होतो. अशा तक्रारींतल्या निम्म्याअधिक बॅरलींमध्ये शिसं नसतंच. जिथे खरोखर असतं, तिथे ते बहुधा उघड्या पडलेल्या पोलादावर मुंबईच्या हवेने चढवलेल्या बारीक गंजाला धरून बसलेलं असतं. पोलाद उघडं कुणी पाडलं, तर रोज ब्रश फिरवणाऱ्याने.

पुढचं सगळं ५० मीटरच्या स्पर्धेच्या रायफलीबद्दल आहे. बोल्टची, मॅगझिन नसलेली, एका वेळी एकच गोळी हाताने भरायची, साध्या शिशाच्या मेण लावलेल्या गोळीची. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकल्यापासून आमच्याकडे दहा मीटरवरून ५० मीटरकडे वळणारी मुलं वाढली आहेत. ती एअर रायफलच्या सवयी घेऊन येतात आणि बॅरलच्या बाबतीत नेमक्या त्याच नडतात. एअर रायफलवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

शिसं आहे का, हे आधी ठरवा

बोल्ट काढा, चेंबर (गोळी बसते ती मागची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग बोअर गाइड (सफाईचा रॉड सरळ आत नेणारी नळी) लावून मागच्या बाजूने कोरडा पांढरा पॅच ढकला. पॅचसाठी महागडं काही लागत नाही. मंगळदास मार्केटमधून सुती फ्लॅनेल आणा, एकदा धुवा म्हणजे खळ निघून जाईल, आणि चौकोन कापून ठेवा.

पहिला पॅच काळा येणारच. ते शिसं नव्हे. जळलेल्या दारूचा कार्बन, प्रायमरची (दारू पेटवणाऱ्या मसाल्याची) राख आणि गोळीवरचं मेण, असा तो चिकट काळपट लेप असतो. ओल्या बोटाने पसरतो, त्यात चमक नसते. शिशाची खूण वेगळी. पॅच ट्यूबलाइटखाली नुसता बघून ती कळत नाही. टॉर्च तिरपा धरा आणि पॅच हळूहळू फिरवा. कडेला पेन्सिल घासल्यासारख्या करड्या रेघा दिसतील, रायफलिंगच्या (बॅरलमधल्या वळणदार खाचांच्या) अंतराएवढ्याच अंतरावर, आणि शिसं खरंच सुटत असेल तर त्या रेघांत नखाच्या टोकावर मावतील एवढे पातळ चंदेरी पापुद्रे चमकतील. पापुद्रे दिसले तर शिसं आहे. नुसता करडेपणा असेल तर शिशाच्या गोळीच्या बॅरलमध्ये तेवढा असायचाच, त्याला तक्रार म्हणू नका.

दुसरी परीक्षा हाताची. घट्ट बसेल असा कोरडा पॅच अगदी सावकाश ढकला. कुठे हात अडखळतो का बघा. अडखळला तर तिथेच थांबा आणि रॉडवर, बोअर गाइडच्या मागच्या कडेपाशी, इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. मग रॉड बाहेर काढा, टेप पुन्हा त्याच कडेशी जुळवून रॉड बॅरलच्या बाहेरून समांतर धरा. रॉडचं टोक जिथे येईल, तिथे आत काहीतरी आहे. दोन-तीनदा करून खूण तिथेच आली तर ती जागा पक्की. ही टेपची खूण पुढे फार कामाची आहे, कारण शिसं धरलं आहे यापेक्षा ते कुठे धरलं आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

मोबाइलला जोडायचे बोअरस्कोप आता लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतात. घेताना टोकाचा व्यास बघा. सर्रास मिळणारा कॅमेरा ५.५ मिलिमीटरचा असतो आणि पॉइंट टू-टूच्या बॅरलचा आतला व्यास लँडवर (खाचांमधल्या उंचवट्यांवर) जवळपास तेवढाच असतो. तो आत जाणार नाही, आणि जबरदस्ती केलीत तर अडकेल. चार मिलिमीटरच्या आतला, बाजूला आरसा असलेला हवा. आणि एक ताकीद: त्या पडद्यावर उत्तमातली उत्तम बॅरलही भयंकर दिसते. कारखान्याच्या हत्यारांच्या रेघा पन्नासपट मोठ्या दिसतात आणि माणूस रात्रभर झोपत नाही. ग्रुप चांगला पडत असेल तर बोअरस्कोप कपाटात ठेवा.

शिसं नाही, तरी ग्रुप का उघडतो?

तीन कारणं नेहमीची. पहिलं लाकडाचं. लाकडी स्टॉक पावसाळ्यात फुगतो, आणि रायफलचा सांगाडा स्टॉकला धरणाऱ्या दोन स्क्रूंचा ताण बदलतो. मे महिन्यात नीट आवळलेले स्क्रू जुलैत वेगळंच बोलतात. टॉर्क रेंच घ्या आणि रायफलच्या माहितीपुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणा. हाताच्या अंदाजाने नको. ॲल्युमिनियम स्टॉकवाल्यांना हा त्रास नाही. साइटचे स्क्रूही त्याच वेळी बघून घ्या.

दुसरं कारण म्हणजे लॉट, कारखान्यात गोळ्या एकत्र बनलेली खेप. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन डब्यांवरचा लॉट नंबर वेगळा असला तर त्या दोन वेगळ्या गोळ्या समजा. ५० मीटरवर वेगातला फरक किती नडतो ते पाहा: गोळी साधारण ३२०-३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, आणि त्यात नुसता १० मीटरचा फरक पडला तर ती ७-८ मिलिमीटर खाली-वर लागते. दहाची रिंगच १०.४ मिलिमीटरची. म्हणून ग्रुप उभा, जिन्यासारखा पडत असेल तर आधी लॉटवर संशय घ्या, नंतर फायरिंग पिनवर. तिथे घट्ट झालेलं जुनं तेल असलं तरी हा प्रकार होतो. ग्रुप आडवा पसरत असेल तर वारा, रायफल कलणं किंवा सैल साइट बघा. शिशाने ग्रुप बिघडतो तो साधारण सगळीकडून, गोळ्या वाढतील तसा हळूहळू.

तिसरं कारण नव्या बॅरलच्या मालकांना पटता पटत नाही: बॅरल जास्त स्वच्छ आहे. त्याचं सविस्तर सांगतो, कारण 'बॅरल मुरवणं' म्हणजे काय, हा सगळा गोंधळ तिथेच आहे.

एक गोळी, एक सफाई: हे कुठून आलं?

नवी बॅरल घेतली की सांगणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या दहा गोळ्या, प्रत्येकीनंतर सफाई. मग पाच-पाचनंतर, मग दहा-दहानंतर. ही पद्धत तांब्याच्या कवचाच्या गोळ्या मारणाऱ्या मोठ्या रायफलींची. तिथे गोळी ८०० मीटर प्रति सेकंद किंवा त्याहून जास्त वेगाने जाते. चेंबर कापणाऱ्या रीमरच्या रेघा गोळीच्या वाटेला आडव्या असतात, त्या तांबं खरवडतात, आणि ते पुढे बॅरलमध्ये बसतं. आडव्या रेघा गुळगुळीत होईपर्यंत तांबं साचू द्यायचं नाही, असा त्या पद्धतीमागचा विचार. तिथेही जाणकारांत मतभेद आहेत, तो भाग सोडा.

आपल्या गोळीचं गणित वेगळं आहे. ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम मऊ शिसं, आवाजापेक्षा कमी वेग, वरून मेण-चरबीचा लेप. अशा दहा-वीस गोळ्यांनी पोलाद गुळगुळीत होत नाही. पॉइंट टू-टूची चांगली बॅरल हजारो गोळ्या खाऊन झिजत नाही, ती एका दुपारी कशी झिजेल? स्पर्धेच्या बॅरल कारखान्यातच लॅप करून (आतून घासून गुळगुळीत करून) आलेल्या असतात. म्हणजे पोलादाचं जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं. तुमच्या हाती उरतं ते मेण. बिडाचा तवा जसा तेल पिऊन मुरतो, तसा बॅरलच्या आत गोळीवरच्या मेणाचा आणि कार्बनचा पातळ, सारखा लेप बसतो. तो बसला की पुढची प्रत्येक गोळी सारख्या वाटेवरून जाते. सॉल्व्हंट आणि ब्रशने तो उतरवलात की पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्या पहिल्या भरकटलेल्या दहा-पंधरा गोळ्या याच हिशेबातल्या.

तर नवी बॅरल मी अशी सुरू करून देतो. कारखान्याचं संरक्षक तेल काढायला सॉल्व्हंटचे दोन-तीन ओले पॅच, मग तेलकटपणा जाईपर्यंत कोरडे. चेंबर वेगळं पुसायचं, कारण तेलकट चेंबरमध्ये गोळीची पितळी केस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. एकाच लॉटच्या दोनशे गोळ्या बाजूला काढायच्या. दहा मारल्या की एक कोरडा पॅच, टॉर्चखाली बघायचा, जपून ठेवायचा. मग पंचवीस मारून एक पॅच. मग पन्नास मारून एक. सॉल्व्हंट नाही, ब्रश नाही. तिन्ही पॅच शेजारी ठेवा. करड्या रेघा कमी होत गेल्या किंवा तेवढ्याच राहिल्या तर बॅरल ठीक आहे, तिला एकटी सोडा. पापुद्रे वाढत गेले तरच पुढचा भाग वाचा.

ग्रुप तपासायचा तर सँडबॅगवर रायफल टेकवून, दहा-दहा गोळ्यांचे किमान पाच ग्रुप पाडून. तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबाने कसाही पडतो. स्लिंग लावून झोपून मारलेल्या ग्रुपवरून बॅरलला दोष देणं तर बॅरलवर अन्याय आहे. आधी तुमचं कोपराचं पॅड बघू.

शिसं कुठे बसलंय?

टेपची खूण चेंबरच्या लगेच पुढे आली तर दोन शक्यता. एक म्हणजे कार्बनचं कडं. केसचं तोंड जिथे संपतं तिथे कार्बन आणि प्रायमरची राख मिळून दगडासारखं कडक वर्तुळ तयार होतं. बऱ्याच रिमफायर प्रायमरमध्ये घर्षणासाठी काचेची पूड असते, त्यामुळे ते कडं नुसतं कडक नाही तर खरबरीतही असतं. गोळी त्याच्यावरून खरवडत जाते आणि शिसं तिथून पुढे सुरू होतं. बोल्ट बंद करताना पूर्वीपेक्षा जोर लागतो, ही त्याची खूण. वापरलेल्या ब्रशवर पॅच गुंडाळून सॉल्व्हंटमध्ये भिजवा, कड्याच्या जागी नेऊन पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बॅरलचं तोंड किंचित खाली ठेवा, नाहीतर सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरतं. मग ब्राँझच्या ब्रशने तिथल्या तिथे हलके फेरे, आणि पॅच स्वच्छ येईपर्यंत पुसा. नव्या बॅरलमध्येही काही शे गोळ्यांत हे कडं धरू शकतं.

दुसरी शक्यता म्हणजे थ्रोटमध्ये (चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं तिथे) रीमरने सोडलेली धार किंवा चेंबर किंचित तिरकं असणं. याची परीक्षा रेंजवर, नळी टारगेटकडे ठेवून, कोच शेजारी असताना करा. गोळी भरून बोल्ट बंद करा, ट्रिगरला हात न लावता परत उघडा आणि न उडवलेली गोळी बाहेर काढा. स्पर्धेच्या चेंबरमध्ये रायफलिंग गोळीला थोडी चावतेच, त्यामुळे शिशावर बारीक ओरखडे दिसतील. ते चारी बाजूंनी सारखे हवेत. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसेल, किंवा एका कडेला शिशाची साल निघाली असेल, तर तो दोष तुमच्या सफाईने जाणार नाही. भिंगातून फोटो काढून ठेवा.

खूण बॅरलच्या मध्यावर येणं क्वचित. आली तर बॅरल तिथे सैल किंवा घट्ट आहे. सैल जागी गोळीच्या कडेने गरम वायू निसटतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्या वायूला गोळीची कड ओरबाडायला वेळ लागत नाही. हा कारखान्याचा प्रश्न.

खूण तोंडाकडे आली तर पुस्तकी उत्तर असं की मेण तिथपर्यंत पुरलं नाही. साच्यात गोळ्या ओतून जुन्या धाटणीच्या एकनाळी रायफली वापरणाऱ्यांच्या बाबतीत ते खरं असतं. आपल्या गोळीवर मेण कारखान्यातून येतं, आणि चांगल्या लॉटमध्ये ते बॅरलच्या तोंडापर्यंत सहज पुरतं. क्राउनवर (बॅरलच्या तोंडाच्या कडेवर) बघा, मेणाच्या पाकळ्या उमटलेल्या दिसतील. सगळ्या सारख्या असतील तर मेण पोचतंय आणि क्राउनही शाबूत आहे. एक पाकळी वाकडी असेल तर क्राउनला कुठेतरी टोच आहे. पाकळ्या ठीक असूनही तोंडाशी शिसं असेल, तर मुंबईत मी गंज शोधतो.

जुलैतली एक बॅरल

डोंबिवलीहून येणारी एक कॉलेजची मुलगी आहे. मेहनती, वहीत प्रत्येक सिरीज लिहून ठेवणारी. नवी बॅरल जूनमध्ये बसली आणि जुलैअखेर तिची तक्रार सुरू झाली, वर लिहिली आहे तशीच. रोज रात्री सॉल्व्हंट, ब्रश, पॅच अगदी पांढरा येईपर्यंत. घरी बाबाही मदतीला. टेपची खूण तोंडापासून चार बोटं आत येत होती, दर वेळी तिथेच. बोअरस्कोपमध्ये बघितलं तर लँडच्या कडांवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके, आणि नेमक्या त्या ठिपक्यांमागे शिशाचे पट्टे.

रायफल कशात ठेवतेस, विचारलं. रायफल न्यायची कडक केस (पेटी), आत फोमचा स्पंज. पावसातून रेंजवर यायचं, केस उघडायची, सराव, पुन्हा केसमध्ये, तशीच घरी आणि केससकट कपाटात. स्पंज हाताने दाबला तर गार लागला. मुंबईत त्या दोन-तीन महिन्यांत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वरच असतो, खाऱ्या हवेचं वेगळंच. त्यात मेणाचा लेप रोज उतरवलेला, वर तेलाचा थेंब नाही, आणि बॅरलचं तोंड ओल्या स्पंजात रुतलेलं. साध्या क्रोम-मॉली पोलादाला याहून जास्त काय हवं? स्टेनलेस बॅरल थोडी जास्त सोसते, पण तिलाही खारी हवा सोडत नाही.

शिसं ब्राँझ ब्रशने काढलं, ठिपके तेलकट पॅचने जेवढे पुसले गेले तेवढे पुसले. पॉलिश वगैरे काही केलं नाही. मग एकाच लॉटच्या गोळ्यांनी ती पुन्हा मुरवली आणि रोजचा ब्रश बंद केला. ग्रुप परत दहात आला. ठिपक्यांच्या जागा मात्र कायमच्या खडबडीत झाल्या आहेत. तिथे शिसं इतरांपेक्षा लवकर धरतं, आणि तिला काही शे गोळ्यांनी एकदा ब्रश फिरवावाच लागतो. तेवढं तिला आता सांभाळून घ्यावं लागेल.

हेच ते चक्र. शिशाच्या धास्तीने घासायचं, मेण उतरतं, पोलाद उघडं पडतं, दमट हवा त्याला टोचे पाडते, त्या टोचांत खरंखुरं शिसं धरतं, आणि पॅचवर पापुद्रे बघून अजून घासलं जातं. आजकालच्या रिमफायर प्रायमरची राख जुन्या काळच्या प्रायमरसारखी गंज आणत नाही. गोळ्या मारून तशीच ठेवलेली बॅरल एका रात्रीत खराब होत नाही. घासून कोरडी ठेवलेली होते.

मग पावसाळ्यात रोज करायचं तरी काय? सराव संपला की चेंबर पुसा, एक कोरडा पॅच, आणि मागोमाग हलक्या तेलाचा एक पॅच, ओथंबलेला नको. दुसऱ्या दिवशी मारण्याआधी दोन कोरडे पॅच, म्हणजे तेल निघेल आणि मेण राहील. सॉल्व्हंट आणि ब्रशची पूर्ण सफाई काही शे गोळ्यांनी, किंवा ग्रुप सांगेल तेव्हा. स्पर्धेच्या आदल्या रात्री तर मुळीच नको. रायफल केसमध्ये न्या, पण केसमध्ये ठेवू नका. घरी कुलपाच्या कपाटात उभी, बाहेर, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत; दाण्यांचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. केस पंख्याखाली उघडी. आणि एसी गाडीतून रेंजवर आलात तर केस लगेच उघडू नका. गार बॅरलवर बाहेरची दमट हवा लागली की चष्म्यावर धुकं धरतं तसं तिच्यात आतूनही पाणी धरतं. अर्धा तास तशीच बंद राहू द्या, तोवर जॅकेटचे पट्टे आवळा.

शिसं काढायचंच असेल तर

ब्राँझचा पॉइंट टू-टू ब्रश, एकसंध रॉड, बोअर गाइड, मागच्या बाजूने. सॉल्व्हंटचा ओला पॅच फिरवून दहा मिनिटं थांबा, मग ब्रशचे आठ-दहा फेरे. प्रत्येक फेरा तोंडातून पूर्ण बाहेर. मध्येच ब्रश उलटा ओढला की तारा वाकतात. परत आणताना ब्रश क्राउनवर आपटू देऊ नका. रॉड नसेल तर मासेमारीच्या जाड नायलॉन दोरीचं पुलथ्रू (बॅरलमधून पॅच किंवा ब्रश ओढायची दोरी) घरी करता येतं. ओढताना अगदी सरळ ओढा, तिरकी ओढलेली दोरी क्राउन घासते.

एवढ्याने न निघणारं शिसं ब्राँझ वुलचे चार-पाच धागे झिजलेल्या ब्रशवर गुंडाळून निघतं. इथे एक मेख आहे. लोहार चाळीत 'तांब्याची' म्हणून जी घासणी गळ्यात मारतात ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार असते. लोहचुंबक लावा, चिकटली तर ती घासणी भांड्यांसाठी ठेवा.

तांबं काढणारी अमोनियाची सॉल्व्हंट्स शिशावर काहीच करत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका. ब्रासो, व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट, ड्रिल मशीनला लावलेला ब्रश यांनी बॅरलचं माप कायमचं बिघडतं. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा नुस्खा इंटरनेटवर फिरत असतो. शिसं त्याने विरघळतं खरं, पण त्यातून शिशाचं विषारी, कातडीतून आत जाणारं क्षारयुक्त पाणी तयार होतं, शिवाय पोलादाला गंज सुटतो. कुणी जुने जाणते पाऱ्याचं नाव काढतील. नमस्कार करून विषय बदला.

काढलेलं शिसं शेवटी तुमच्या हातावर येतं, हे लक्षात ठेवा. नायट्राइलचे हातमोजे घाला, वापरलेले पॅच बंद पिशवीत टाका, हात साबण आणि गार पाण्याने धुवा. त्याआधी वडापावला हात लावू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरी करूच नका. नियमित नेमबाजांनी वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घेतलेली बरी, बंद हॉलमध्ये सराव करणाऱ्यांनी तर नक्कीच.

गोळ्यांबद्दल थोडं

आपल्याकडे लॉट निवडायची चैन कमीच. संघटनेच्या वाटपात जे येतं ते घ्यायचं. पण मिळताना एकाच लॉटच्या जितक्या मिळतील तितक्या घ्या आणि डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एली, आरडब्ल्यूएस, लापुआ, एसके यांच्या मेणात फरक असतो. कंपनी बदलली की बॅरलला नवा लेप चढेपर्यंत वीस-पंचवीस गोळ्या द्या, त्या मोजू नका. 'लेड बसलंय' म्हणून येणाऱ्या कित्येक मुलांच्या बॅगेत तीन कंपन्यांचे उघडे डबे सापडतात.

डबा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात तर मेण मऊ होऊन एका बाजूला ओघळतं. त्या गोळ्या सरावालाही उपयोगाच्या नाहीत. लेनवर खाली पडलेली गोळी पुसून भरण्याचा मोह आवरा. मेणाला वाळूचे कण चिकटतात, आणि बॅरलमध्ये वाळू ओढण्यापेक्षा एक गोळी वाया गेलेली परवडली.

एअर रायफलवाल्यांनी यातलं फारसं मनावर घेऊ नये. ४.५ मिलिमीटरचं अर्ध्या ग्रॅमचं पेलेट १७०-१७५ मीटरच्या वेगाने जातं, ना दारू ना ज्वाला. शिसं धरायला फार वेळ लागतो. मधूनमधून कोरडं पुलथ्रू किंवा फेल्ट पेलेट (सफाईसाठी झाडायची नमद्याची गोळी) पुरे. सॉल्व्हंट आणि तेल मात्र तिच्या बॅरलमध्ये घालू नका, सील खराब होतात, आणि दाबाच्या हवेजवळ तेल जाणं धोक्याचं आहे.

दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच, म्हणजे ओरखडे एका बाजूला, क्राउनची पाकळी वाकडी, किंवा खूण मध्यावर, तर लायसन्स असलेल्या गनस्मिथकडेच न्या आणि रायफलचे कागद सोबत ठेवा. नुसतं "ग्रुप उघडतो" म्हणून सांगितलंत तर तो बॅरल साफ करून परत देईल, म्हणजे पुन्हा तेच. दहा, पंचवीस आणि पन्नास गोळ्यांनंतरचे तिन्ही पॅच, प्रत्येकावर तारीख आणि लॉट नंबर, झिपच्या पिशवीत घालून न्या. टेपची खूण तोंडापासून किती सेंटिमीटर आत येते ते लिहून द्या. न उडवलेल्या गोळीवरच्या ओरखड्यांचा फोटो, आणि सँडबॅगवरून पाडलेल्या पाच ग्रुपचे कागद. बॅरल वॉरंटीत असेल तर विक्रेत्याकडेही हीच पिशवी न्या, तिच्यातल्या कागदांची झेरॉक्स आधी काढून.